म्हातारीच्या चालीची आग

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण मी एकदा सलग तीन दिवस गप्प बसलो होतो. जेवायला तोंड उघडलं असेल तेवढंच. शिंकलोसुद्धा नाही.

हसा, हसून घ्या. पलीकडे बसलेत ते रोजचेच आहेत, त्यांना माझ्यावर हसायची सवय आहे. तुम्ही नवीन दिसता. बदलीवर आलात? कुठल्या खात्यात, ते दाढी झाल्यावर सांगा. तुमचा नंबर तिसरा आहे, म्हणजे वेळच वेळ. आमच्या वस्तरामामाचा हात इतका निवांत चालतो की एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावर नवीन उगवते. आणि वस्तरा हातात असला की मामा बोलत नाही. चाळीस वर्षांचा नेम आहे त्याचा. गिऱ्हाइकाचा गळा समोर असताना आपली मतं मांडू नयेत, असं तो म्हणतो. म्हणून या सलूनमध्ये बोलायचं काम माझ्याकडे आलं.

तो आरशावरचा फोटो बघा, वर्तमानपत्रातून कातरलेला. गाडीतून उतरतेय ती माझी थोरली बहीण, आक्का. तिच्यामागून डावी भुवई जराशी वर चढवून रुबाबात उतरतोय तो मी. त्याला अकरा वर्षं झाली. चौकशीची फाईल मात्र अजून उघडी आहे म्हणतात, म्हणून सांगतो ते जपून सांगतो. शब्द न शब्द खरा.

आम्ही या वरच्या डोंगरातले मूळचे लोक. मूळचे म्हणजे किती मूळचे? डोंगराचा पहिला नकाशा काढायला माणूस आला, तेव्हा त्याला तहान लागली आणि पाणी आमच्या पणजीनं दिलं. नकाशात विहीर आली. पणजी आली नाही.

आमचं काम आगीचं. दचकू नका. डोंगरावर गवत वाढतं, वाळतं, आणि उन्हाळ्याचा कोरडा वारा सुटला की एका ठिणगीनं सगळा डोंगर खाली उतरून घरात येतो. तो येऊ नये म्हणून थंडी सरता सरता, अंगावर दव असतानाच, ते गवत आम्ही आपल्या हातानं जाळत आलो. सगळं नाही. इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा, मध्ये हिरवं सोडून. समोरच्या टेकडीवरून पाहिलं तर ठिगळं लावलेलं पांघरूण वाटावं. दव पुरेसं आहे का, हे पायाला कळतं. उजाडता उजाडता गवतातून अनवाणी चालायचं. घोटा भिजला आणि टाच कोरडी राहिली की काडी ओढायची. घोटाही कोरडा राहिला तर मुकाट्यानं घरी यायचं. अशा सकाळी वर्षातून आठ, फार तर नऊ.

आणि आग चालली पाहिजे म्हातारीच्या चालीनं. सशाला कानोसा घेऊन निघता आलं पाहिजे, किड्यामुंगीला बिऱ्हाड हलवता आलं पाहिजे. त्यासाठी तिच्यापुढे एक जण उलटा चालतो, तिच्याकडे तोंड करून. त्याला आम्ही 'पुढचा' म्हणतो. पुढच्यानं आगीला पाठ दाखवायची नाही. पाठ दिसली की म्हातारी एकदम सोळा वर्षांची होते आणि पळत सुटते. बाकीचे मागून हिरव्या डहाळ्या घेऊन येतात. हे पुढच्याचं काम आमच्या घरात. माझ्या वडिलांना वर्षातले तीन महिने भुवया नसायच्या. आईनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा होत्या, त्यामुळे आपल्याला फसवलं म्हणून ती जन्मभर कुरकुरली.

मग खातं आलं. वसुंधरा रक्षण खातं. खात्याचं म्हणणं, आग म्हणजे आग, तिच्यात म्हातारी-तरणी काही नसतं. डोंगरावर चाळीस रखवालदार नेमले, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली. काडी ओढली की कोठडी. आम्ही ऐकलं. मी तर घरात काडीपेटी ठेवणंच सोडलं. सहा वर्षं गवत नुसतं वाढलं, वाळलं, त्याच्या डोक्यावर पुन्हा वाढलं. सातव्या वर्षी कोरड्या वाऱ्यात ते पेटलं आणि डोंगराच्या पूर्वेकडची अकरा घरं घेऊन गेलं. त्यात आक्काचं घर होतं. माणसं वाचली, कारण आक्कानं शाळेची घंटा बडवून सगळ्यांना ओढ्यात नेऊन बसवलं. खात्याची गाडी आली तिसऱ्या दिवशी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, पण निदान त्या म्हणीत बंबात पाणी तरी असतं.

त्यानंतर आक्का दर वर्षी परवानगीचा अर्ज करायची. अर्जाच्या नमुन्यात रकाने होते. आगीचा प्रकार. आगीचा कायमचा पत्ता. आगीच्या शेजाऱ्यांची हरकत नसल्याचा दाखला. निकालाला नव्वद दिवस. आक्कानं खिडकीतल्या कारकुनाला विचारलं की दव आठ दिवस असतं, ते नव्वद दिवस थांबणार कसं. तो म्हणाला, दवाला अडचण असेल तर दवानं वेगळा अर्ज करावा. तो थट्टा करत नव्हता. त्यानं नमुनाही काढून दिला.

असं तिसरं वर्ष उजाडलं. पश्चिमेकडची एकतीस घरं अजून उभी होती आणि त्यांच्या मागचं गवत माझ्या खांद्याला लागत होतं. यंदा नाही जाळलं तर ही घरं जाणार, हे गावातल्या शेळ्यांनाही कळत होतं. आणि नेमक्या त्याच वर्षी खात्यात नवीन संचालक आले.

या साहेबांना मूळ लोकांच्या ज्ञानाची फार ओढ. जगभर तसं वारंच सुटलं होतं म्हणे. ज्यांना काल झाडाखालून हाकललं, त्यांनाच आज झाडाबद्दल विचारायचं. आक्काला पत्र आलं. आद्य ज्ञान आणि पृथ्वीचं नेतृत्व या विषयावर शहरात तीन दिवसांची परिषद, आणि आक्का तिची सन्माननीय मार्गदर्शक. आता आक्का तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. तिनं त्या पत्रातल्या चौदा चुका लाल पेन्सिलीनं दाखवल्या, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि पत्र परत पाठवलं. साहेबांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. डोंगराचा पहिला संदेश म्हणून. पुन्हा लिहा. केवढं मोठं वाक्य, असं ते आल्यागेल्याला सांगत.

दुसरं पत्र चांगलं लिहिलेलं आलं. त्यातल्या तारखा पाहिल्या तर नेमक्या त्या आठ सकाळींमधल्या तीन. आक्का म्हणाली, मी हलणार नाही. मग दोन दिवस ती नुसती दारात बसून डोंगराकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं होकार कळवला. अट एकच. डोंगरावरचे चाळीसच्या चाळीस रखवालदार तिन्ही दिवस समोर बसले पाहिजेत. डोंगराचं ज्ञान आधी डोंगराच्या राखणदारांच्या कानात पडू दे, मग जगाच्या. साहेब इतके गहिवरले की त्यांनी हजेरी सक्तीची केली. आता यात आक्काच्या मनात काय होतं, ते मला विचारू नका. मी साधा माणूस.

माझा संबंध एवढाच की खात्याच्या नियमात डोंगरातल्या पाहुण्याबरोबर दुभाषी असायलाच हवा. आक्का त्या सगळ्यांना आयुष्यभर शुद्धलेखन शिकवू शकली असती, पण नियम म्हणजे नियम. म्हणून दुभाषी म्हणून गेलो मी. आणि दुभाष्याला काही कामच नव्हतं, म्हणून तीन दिवस गप्प बसलो. आता पटलं?

सभागृह बघायला हवं होतं तुम्ही. दारातच प्लास्टिकचं झाड, दोन मजली. त्याच्या पोटात ध्वनिवर्धक, त्यातून पाखरांचा आवाज. पाणी मातीच्या पेल्यात, पेल्याला आतून प्लास्टिकचा लेप. खिडक्या मोठमोठ्या, उघडत एकही नव्हती. थंडी अशी की साहेब लोक कोटावर कोट घालून पृथ्वीच्या तापाबद्दल बोलत होते.

आक्का गेली ती चष्मा लावून, खांद्याला पिशवी, हातात फोन, नेहमीचे धुतलेले कपडे. तिला पाहून स्वागत समितीचा चेहराच पडला. मूळचं कोणी आलंच नाही का, असं एक जण तिलाच विचारून गेला. मग एका नाटक मंडळीकडून पिसांचा मुकुट आणला. आक्कानं तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि ही कोंबडीची पिसं आहेत, निळ्या रंगात बुडवलेली, एवढंच सांगून तो साहेबांच्या डोक्यावर ठेवला. साहेबांनी तो तीन दिवस उतरवला नाही. मान कोणी दिला, हे महत्त्वाचं.

तिच्या दिमतीला एक बाई दिल्या होत्या. त्यांचं काम आक्का जे बोलेल ते लिहून घेणं. आम्ही त्यांना टिपणीबाई म्हणू. बाई स्वभावानं चांगल्या, पण लिहिण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. आक्कानं विचारलं, मोरी कुठे आहे. बाईंनी लिहिलं, वाट विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आक्का म्हणाली, ही खिडकी उघडत का नाही. दुपारी 'आपल्या आतली खिडकी' या विषयावर चर्चासत्र झालं आणि त्यात अकरा जण बोलले. खिडकी शेवटपर्यंत उघडली नाही. व्यासपीठावरची खुर्ची इतकी उंच होती की आक्काचे पाय लोंबकळायला लागले, म्हणून ती खाली उतरून सतरंजीवर बसली. झालं. पाचशे लोक कोटासकट जमिनीवर. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं की पृथ्वीशी संपर्क राहावा म्हणून खात्यातल्या सर्वांनी यापुढे जमिनीवर बसून काम करावं. गुडघे धरून उठणारी माणसं त्या खात्यात अजून दिसतात म्हणे. तुम्हाला माहीत असेल.

आणि आक्का सारखी सतरंजीखाली वाकून बघत होती. साहेबांना वाटलं धरणीला नमस्कार करतेय, तेही वाकले. शेवटी तिनं सांगितलं की तुमच्या त्या झाडातलं पाखरू सकाळपासून एकच ओरडतंय. आमच्याकडे ते पाखरू असं ओरडतं ते साप दिसला की. तीन दिवस, दर चाळीस सेकंदांनी, पाचशे लोकांच्या डोक्यावर साप, साप, साप. कोणी तरी त्याला ध्यानाचं संगीत म्हणून निवडलं होतं.

पण हे सगळं वरवरचं. खरी गोष्ट पहिल्या दिवशी अकरा वाजता झाली. आक्काला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, समोर चाळीस रखवालदार, त्यांच्यामागे सगळं खातं. आणि तिनं भाषण केलंच नाही. ती साहेबांकडे वळली.

"साहेब, आठ सकाळी असतात. त्यातल्या चार आजवर गेल्या. माझ्या मागे एकतीस घरं आहेत. मला शाल नको, मला गवत जाळायची परवानगी द्या. तुम्ही इथे आहात, सहीला पेन मी देते."

दोन मिनिटं टाळ्या. लोक उभे राहिले. टिपणीबाईंनी लिहिलं, गवत म्हणजे आपल्या मनातला अहंकार. साहेबांनी रुमालानं डोळे टिपले.

"आक्का, तुमच्या बोलण्यात किती खोल अर्थ असतो."

"अर्थ खोल नाही, साहेब. गवत उंच आहे."

ही ओळ त्यांना इतकी आवडली की ती मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकली. परवानगीचं विचाराल तर साहेब कानाशी येऊन म्हणाले की ज्ञान दुसऱ्या मजल्यावर असतं आणि परवानगी तळमजल्यावर, आणि एका कपाटावरून झालेल्या भांडणापासून दोन्ही मजल्यांचं बोलणं बंद आहे. नव्वद दिवसांत काही करता येतं का ते बघू. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

आक्कानं मान हलवली. तिनं ध्वनिक्षेपक हातात घेतला, सतरंजीवर मांडी घातली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली.

आता गोष्टी सांगण्यात आमच्या घराण्यात हातखंडा. मला लोक थापाड्या म्हणतात ते उगाच नाही. पण आक्कापुढे मी म्हणजे दुधाचे दात. तिनं एका मुंगीची गोष्ट घेतली. ती मुंगी डोंगर चढायला निघाली. पहिला दिवस संपला तेव्हा मुंगी पहिल्या दगडाला वळसा घालत होती. कार्यपत्रिकेवर आक्काची वीस मिनिटं होती, त्यानंतर तीन तज्ज्ञ, एक मंत्रालयाचा निरोप आणि चहा. ते सगळं राहिलं. तज्ज्ञ आपापले कागद छातीशी धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुंगी पुन्हा निघाली. साडेनऊच्या सुमाराला रखवालदारांच्या मुकादमाचा फोन वाजला. हा गडी ऐन समोर बसलेला. त्यानं फोन कानाला लावला आणि त्याचा रंग उडाला. गावातून कोणी तरी कळवलं होतं की डोंगराच्या पश्चिमेला धूर दिसतोय. पांढरा, बारीक, शिस्तीत चाललेला. मुकादम ताडकन उभा राहिला. त्याच्याबरोबर एकोणचाळीस जण उभे राहिले, गळ्यातल्या शिट्ट्या खुळखुळल्या.

आक्का बोलायची थांबली. तिनं चष्म्यावरून पाहिलं. ते चाळीसही तिच्याच शाळेत शिकलेले, निम्म्यांना तिनं पाढ्यांसाठी कोपऱ्यात उभं केलेलं.

"खाली बस," ती म्हणाली. "मुंगी अजून वर पोचायची आहे."

मुकादमानं साहेबांकडे पाहिलं. त्याला सांगायचं होतं की धूर आहे. पण साहेब आधीच उठले होते, मुकुट सावरत. मूळ लोकांमध्ये गोष्ट अर्धी टाकून उठणं हे सगळ्यांत मोठं पाप समजतात, असं त्यांनी सभागृहाला मोठ्यानं सांगितलं. आमच्यात असं काही नाही. आमच्यात निम्मे लोक गोष्टीच्या मध्येच उठून शेळ्या बघून येतात. पण साहेबांनी सांगितलं, टिपणीबाईंनी लिहून घेतलं, आणि दरवाजे आतून लावायला सांगितले. चाळीस जण खाली बसले. मुकादमानं दोनदा चिठ्ठी वर पाठवली. पहिली साहेबांनी न वाचता खिशात घातली. दुसरी वाचली, त्यात 'डोंगर पेटला आहे' असं होतं. ते त्यांनी व्यासपीठावरून वाचून दाखवलं, श्रोत्यांमधून आलेली उत्स्फूर्त कविता म्हणून.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता मुंगी शिखरावर पोचली. वर काहीच नव्हतं, म्हणून ती खाली उतरली. गोष्ट संपली. लोक रडले. का रडले, ते त्यांनाच माहीत. गुडघे दुखत असतील. मग सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. तो खात्याच्या अहवालात आहे. त्यात तिसऱ्या रांगेत खांबामागून एक कान दिसतो. तो माझा.

चौथ्या दिवशी खात्याच्या गाडीनं आम्हाला परत आणलं, मागे रखवालदारांच्या दोन गाड्या. वळण घेऊन वर पाहिलं तर डोंगराला ठिगळं. काळी, नीटनेटकी, अकरा ठिगळं. मध्ये हिरव्या पट्ट्या सोडलेल्या. एक झाड करपलेलं नाही, एक घरटं पडलेलं नाही. एकतीस घरांच्या मागे साठ पावलांची काळी जमीन, अजून कोमट. आम्ही उतरलो तेव्हाच तो फोटो काढलेला आहे, वर्तमानपत्रवाला आक्काच्या सत्कारासाठी आला होता. मी तर बघतच राहिलो. सुंठीवाचून खोकला गेला.

चौकशी बसली. समितीनं गावातल्या एकेकाला विचारलं. बायका म्हणाल्या, आम्ही मान खाली घालून घरकाम करतो, वर बघायची आम्हाला सवय नाही. मला विचारलं तर मी दुभाषी, तीन दिवस सभागृहात. पण विज्ञानाची आवड असल्यामुळे मी एक शक्यता मांडली. यंदा दव दाट पडलं होतं. दवाचा थेंब गोल, त्याचं होतं भिंग. भिंगातून ऊन पडलं की गवत पेटतं. अध्यक्षांनी विचारलं की मग ठिगळांच्या कडा इतक्या सरळ कशा. मी म्हटलं, सूर्य सरळ रेषेतच चालतो. त्यांनी ते लिहून घेतलं. घेणार नाहीत तर काय करतील? नाही तर डोंगरावर एकही रखवालदार का नव्हता, हे लिहावं लागलं असतं, आणि हजेरीच्या आदेशावर सही साहेबांची.

त्याच उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला. पलीकडच्या खोऱ्यात कुठे तरी ठिणगी पडली आणि आग शिखर ओलांडून आली. आक्का घंटेची दोरी हातात धरून उभी होती, लोक ओढ्याच्या वाटेवर. आग वरून धावत आली, पहिल्या काळ्या ठिगळाशी आली आणि थबकली. डावीकडे गेली, तिथेही काळं. उजवीकडे गेली, तिथेही काळं. मग रागारागानं दोन झुडपं खाल्ली आणि बसली. एकतीस घरांपैकी एकाची परसातली दोरीवरची चादर काजळली, बस. त्या घरातली सून अजून ती चादर धूत नाही.

आठवड्याभरात खात्याचा फलक लागला. येताना वळणावर पाहिला असेल तुम्ही. 'परिषदेच्या मार्गदर्शनामुळे येथे वणवा थांबला.' खाली साहेबांचं नाव. त्यांना बढती मिळाली, मुकुट घेऊन गेले. आक्काला प्रशस्तिपत्र आलं, त्यात तीन चुका. आणि तिचा त्या वर्षीचा अर्ज? नव्वद दिवसांनी त्याचंही उत्तर आलं. आगीचा कायमचा पत्ता न दिल्यामुळे नामंजूर. पुढल्या वर्षी खात्यानं पुन्हा परिषद ठेवली, पुन्हा थंडीच्या शेवटी, आणि आक्कानं पुन्हा चाळीस जणांची अट घातली. दर वर्षीचं ते आता ठरून गेलंय. मुंगी आतापर्यंत अकरा वेळा डोंगर चढून उतरली आहे. आणि दवाचं भिंगही दर वर्षी होतं, निसर्गाची लीला.

काय म्हणता? फोटोतल्या माझ्या भुवया चित्रात काढल्यासारख्या दिसतात? तुमची नजर बारीक आहे हो. त्याचं असं झालं, परिषदेच्या हॉटेलात एक कारागीर होता. दाढी, कटिंग, सगळं. तिसऱ्या दिवशी फोटो होता, म्हणून मी सकाळी त्याच्याकडे गेलो. त्यानं माझ्या भुवया अशा काही कोरून दिल्या की काय सांगू. डावी जरा वर चढवली, म्हणाला, त्यानं चेहऱ्याला वजन येतं. शहरातला हात तो. इथे आपल्याकडे असं काम कुठलं व्हायला. मामाला वाईट वाटेल, पण खरं ते खरं.

ऐकताय ना? असं काय बघताय माझ्या मागे?

मामानं वस्तरा मिटला होता. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर फेस तसाच होता. मामानं वस्तरा फळीवर ठेवला, हात पुसले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दाढीत तोंड उघडलं.

"तात्या, अकरा वर्षं मी ऐकून घेतलं. साप ओरडणारं पाखरू ऐकलं, दवाचं भिंग ऐकलं, खांबामागचा कान ऐकला. तो कान तुझा नाही, तुझ्या कानावर झुडूप आहे, दर पंधरवड्याला मी कापतो, तरी बोललो नाही. पण माझ्या हातचं काम शहरातल्या कुणाच्या नावावर लावायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, आक्का तिकडे मुंगी चढवत होती तेव्हा, तू ह्या खुर्चीत बसला होतास. मागच्या दारानं आलास. अंगाला धुराचा वास आणि दोन्ही भुवया साफ जळलेल्या. त्या मी काढल्या, पेन्सिलीनं, एकेक केस. दुसऱ्या दिवशी माझ्याच स्कूटरवरून तुला वळणावर आक्काच्या गाडीत नेऊन बसवलं. आणि ती डावी वजनासाठी वर चढवलेली नाही. ती वाकडी आली, कारण तू एक मिनिट गप्प बसायला तयार नव्हतास."